ट्रक चालवण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम: सहा महिने वापरल्यानंतर

मी आजवर कधीही ट्रक चालवलेला नाही. तरीही माझ्या मोबाइलमध्ये माझ्या नावाचे एक प्रमाणपत्र आहे आणि त्यावर ‘अवजड वाहनचालक प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण’ असे लिहिले आहे, कारण अखेरच्या परीक्षेत मला ५० पैकी ४६ गुण मिळाले. आमच्याकडे २६ वर्षे गाडीवर असलेल्या आणि घरातले सगळे ज्यांना मामा म्हणतात त्या ड्रायव्हरना त्याच परीक्षेत पहिल्या खेपेला २७ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी ३० लागतात, त्यामुळे ते नापास झाले. या सेवेविषयी मला जे सांगायचे आहे त्याचे मूळ या दोन आकड्यांत आहे, म्हणून ते आधी लिहिले.

आमचा वाहतुकीचा व्यवसाय कराडचा. पाच दहा-चाकी ट्रक आणि दोन टँकर एवढाच पसारा. ट्रक बहुतेक करून साखर आणि इतर किरकोळ माल घेऊन पुण्याला, भिवंडीला किंवा न्हावा-शेव्याच्या बंदरावर जातात; टँकर मळी आणि इथेनॉल वाहतात. आबांनी स्वतः गाडी चालवून हा व्यवसाय उभा केला आणि गेली नऊ वर्षे कार्यालयाचे काम मी पाहते. भाडे ठरवणे, गाड्यांची कागदपत्रे वेळेवर करून घेणे, डिझेलचा हिशेब ठेवणे आणि गाडी परत येईपर्यंत फोन जवळ ठेवून झोपणे हे माझे काम आहे.

पूर्वी ट्रकचा ड्रायव्हर घडण्याची एक ठरलेली वाट होती. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा. काच पुसणे, टायरची हवा पाहणे, ताडपत्री बांधणे, रस्सी आवळणे, मागे उभे राहून हौद्यावर थापा मारत गाडी रिव्हर्स घेऊ देणे अशी कामे करत दोन-चार वर्षे ड्रायव्हरच्या शेजारी काढायचा, आणि मग एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर खाली, म्हणजे रिकाम्या, गाडीचे स्टेअरिंग त्याच्या हाती यायचे. त्या वाटेत बेकायदा बरेच होते, शिव्या होत्या, मारही होता, आणि वाईट सवयी जशाच्या तशा पुढच्या माणसाकडे जात होत्या. तिचे गोडवे मला गायचे नाहीत. परंतु भाड्याच्या दरात क्लीनरचा पगार बसेनासा झाल्यापासून आमच्यासारख्यांच्या बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. जुनी वाट बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी धड तयार झाली नाही. या रिकाम्या जागेत मोबाइलवरचे अभ्यासक्रम आले आहेत, आणि आम्हीही त्याच अडचणीतून त्यांच्याकडे वळलो.

अभ्यासक्रमाचे स्वरूप असे आहे: ६२ धडे, मिळून सुमारे १८ तासांच्या चित्रफिती, प्रत्येक धड्यानंतर पाच प्रश्न आणि शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा. निवेदन हिंदीत आणि खाली मराठी अक्षरे. शुल्क माणशी २,४०० रुपये आणि मुदत सहा महिने. आम्ही सात ड्रायव्हरांसाठी, अवजड वाहनाचे लायसन्स काढू पाहणाऱ्या तेवीस वर्षांच्या एका मुलासाठी आणि माझ्यासाठी असे नऊ जणांचे पैसे भरले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण असेच अभ्यासक्रम विकणाऱ्या आणखी दोघांचे नमुना धडे मी पाहिले असून त्यांची घडणही हीच आहे. माझे म्हणणे एका कंपनीपुरते नाही.

जे चांगले आहे ते मोकळेपणाने सांगायला हवे, कारण ते खरोखर चांगले आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष पाळणाऱ्या बीएस-६ गाड्या आल्या, आणि आयुष्यभर जुन्या इंजिनांवर हात बसलेल्या माणसांपुढे डॅशबोर्डवर अनोळखी दिव्यांची रांग उभी राहिली. अॅडब्ल्यू म्हणजे युरियाचे द्रावण आहे, ते संपले किंवा त्यात भेसळ झाली की इंजिन मुद्दाम आपली ताकद कमी करते, आणि धुराच्या नळीतल्या गाळणीत काजळी साठली की ती जाळून टाकण्यासाठी गाडी काही वेळ उभी करून इंजिन चालू ठेवावे लागते, हे आमच्या दोघा ड्रायव्हरांना कोणीच नीट समजावले नव्हते. दिवा लागला की ते इंजिन बंद करून पुन्हा चालू करत, त्यामुळे जळण्याची क्रिया अर्धवट राही, आणि मग गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवस अडकून पडे. या विषयावरचे सहा धडे अतिशय नेटके आहेत. प्रत्येक दिवा मोठा करून दाखवला आहे, तो लागल्यावर काय करायचे आणि काय करायचे नाही हे वेगवेगळे सांगितले आहे, आणि ड्रायव्हर ते धडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून पुन्हा पाहू शकतो. एवढ्या एका विभागाने आमचे शुल्क वसूल झाले, असे मी हिशेबाच्या वहीवरून सांगू शकते.

टँकरवरचा धडा तर प्रत्यक्ष गाडीपेक्षाही सरस आहे. टाकी अर्धी भरलेली असताना ब्रेक मारला की आतला द्रव पुढे धावतो आणि गाडी थांबत आली असतानाच मागून धक्का देतो. आत बसवलेल्या भोकांच्या पडद्यांमुळे हा पुढे-मागे होणारा हेलकावा कमी होतो, पण वळणावर बाजूला जाणारा द्रव त्या पडद्यांना जुमानत नाही, आणि म्हणून अर्धा टँकर भरलेल्या टँकरपेक्षा वळणावर अधिक धोक्याचा ठरतो. टाकीच्या आत डोकावून हे पाहणे कोणालाही शक्य नाही. चित्रफितीत टाकी काचेची केली आहे, आणि आमचा मळीचा ड्रायव्हर तो धडा पाहून बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला की आठ वर्षे त्याला पाठीत जो धक्का जाणवत होता तो आज दिसला.

कायद्याचा भागही उपयोगी आहे. अपघातानंतर ड्रायव्हरने काय करायचे, याविषयी मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात स्पष्ट सांगितले आहे: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची, विमा कंपनीला कळवायचे. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला कडक शिक्षा सांगणाऱ्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या चालकांच्या संपानंतर आमच्याकडच्या माणसांच्या मनात या विषयी भीती आणि ऐकीव गोष्टी यांचा मोठा गुंता झाला होता. जमाव अंगावर येईल अशी परिस्थिती असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जाऊन तिथून पोलिसांना फोन करावा, हे धड्यात शांतपणे सांगितले आहे, आणि ते ऐकून त्यांना धीर आला.

आता मामांच्या २७ गुणांकडे येते. अवजड वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये केंद्र सरकारने काढून टाकली. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण उत्तम गाडी चालवणारी कितीतरी माणसे त्या अटीमुळे खोट्या दाखल्यांच्या मागे लागत होती. परंतु मग चालकांसाठी अभ्यासक्रम विकणाऱ्याने हे गृहीत धरायला हवे की शिकणारा अक्षरे सावकाश वाचेल. या परीक्षेत प्रश्न केवळ लिहिलेले आहेत, ऐकण्याची सोय नाही, आणि एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. त्यातून मराठी भाषांतर असे की थांबण्याच्या अंतराला ‘मंदन अंतर’ आणि लायनर (ब्रेकमधले घासणारे अस्तर) तापून ब्रेक धरेनासे होण्याला ‘गतिरोधक ऊष्माक्षय’ म्हटले आहे. मामा माझ्यासमोर बसून परीक्षा देत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “ताई, उत्तर मला ठावं हाय, पण इचारलंय काय त्येच कळंना.” दुसऱ्या खेपेला मी प्रश्न वाचून दाखवले, आमच्या बोलीत सांगितले, आणि त्यांना ४९ गुण मिळाले. चुकलेला एक प्रश्न मोबाइल अॅपच्याच वापराविषयी होता.

भाषेचा दोष सुधारता येईल. आवाजाचा दोषही सुधारता येईल, पण तो पाहून मला अधिक वाईट वाटले, कारण धडा बनवणाऱ्याला आपण काय शिकवत आहोत हेच कळले नव्हते असे त्यातून दिसते. गाडी निघण्यापूर्वी ड्रायव्हर लोखंडी टॉमीने प्रत्येक टायर ठोकून पाहतो. मागच्या जोड-टायरांपैकी आतला टायर बसला असेल तर बाहेरून दिसत नाही, पण ठोकल्यावर आवाज बदलतो: हवा भरलेला टायर टणक, उसळता आवाज देतो आणि बसलेला टायर मेल्यासारखा बोलतो. हा संपूर्ण धडा त्या दोन आवाजांतल्या फरकाचा आहे. चित्रफितीत माणूस टायर ठोकतो आहे, आणि मागे तबल्याचे संगीत लावलेले आहे, त्यामुळे ठोका ऐकूच येत नाही. ब्रेकच्या हवेच्या गळतीच्या धड्याचेही तेच. इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरून, कान देऊन सुस्कारा ऐकायचा असतो. इथे निवेदक बोलतच राहतो.

खरी मर्यादा मात्र घाटात दिसते, आणि ती अधिक चांगले ध्वनिमुद्रण करूनही दूर होणारी नाही.

कराडहून मुंबईकडे निघालेली भरलेली गाडी साताऱ्यानंतर खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडते आणि लगेच उताराच्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणावर येते. पुढे शिरवळ, कापूरहोळ करत ती कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याच्या बाजूला उतरते आणि नवले पुलाच्या दिशेने तो लांब उतार सुरू होतो, जो पाहताना फारसा उतार वाटतच नाही. त्यानंतर द्रुतगती मार्गावर खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत बोरघाट. म्हणजे एका फेरीत तीन वेळा, दहा-चाकी गाडीचे साडेअठ्ठावीस टन वजन (२०१८ मध्ये मर्यादा २५ टनांवरून एवढी वाढवण्यात आली) उतारावर धरून ठेवायचे असते. वजन उंचावरून खाली येताना जी शक्ती मोकळी होते ती कुठेतरी जायलाच हवी. ती इंजिनाने अडवली नाही तर ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते, ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा पेडल मारतो, त्यात ब्रेक चालवणारी टाकीतली हवा कॉम्प्रेसर भरू शकेल त्याहून लवकर खर्च होते, आणि अशा वेळी पायाखाली ब्रेक आहे पण गाडी थांबत नाही.

हे सगळे धड्यात आहे, आणि बरोबर आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, गाडी कधीही न्यूट्रल करू नका, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच गाडी रोखणारा) लावा, तो गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच सोडलेला असेल तरच काम करतो हे लक्षात ठेवा, अशा सूचना अकरा मिनिटांच्या चित्रफितीत आहेत. त्यानंतर प्रश्न येतो: उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करावी का? आमच्या नऊच्या नऊ जणांनी ‘नाही’ हे उत्तर दिले, मीसुद्धा दिले. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही ट्रक ड्रायव्हरला हा प्रश्न विचारला तर तो ‘नाही’ हेच म्हणेल, आणि त्यांतले काही जण त्याच रात्री उतारावर न्यूट्रल करतील. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले असे सुरुवातीला सांगितले गेले. पोलिसांच्या तपासात मात्र डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिनच बंद केले होते असे पुढे आले. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, स्टेअरिंगची मदत बंद, एक्झॉस्ट ब्रेक बंद. ज्या माणसाने हे केले त्याला ते चूक आहे हे ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. या अॅपवरच्या परीक्षेत त्यालाही तो गुण मिळाला असता.

मग नेमके काय शिकायचे राहते? हे समजून घेण्यासाठी मी मामांच्या गाडीत, मागच्या बाकावर बसून, न्हावा-शेव्यापर्यंतची एक फेरी केली. पुढे शेजारी लायसन्स काढणारा तो मुलगा होता. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी, रस्ता अजून सपाट वाटत असतानाच, मामांनी गिअर खाली घेतला. मुलाने विचारले की आत्ताच का, तर ते म्हणाले, “गिअर वरच ठरवायचा, उतराय लागल्यावर न्हाई.” याचे कारण चित्रफितीत एका वाक्यात येऊन जाते, पण तिथे ते अंगावर येत नाही: वेग एकदा सुटला की खालचा गिअर पडत नाही, घालायला गेले तर गाडी मधेच न्यूट्रलला राहते आणि वरचाही गिअर परत मिळत नाही. ती चूक सुधारायला दुसरी संधी नसते. बोरघाटात मामा मुलाला मध्येच विचारत होते की इंजिनाचा आवाज कसा येतोय, वास कसला येतोय, आपल्या पुढच्या गाडीच्या चाकांतून येतोय की आपल्या. ब्रेक दाबताना ते एकदाच ठामपणे दाबत, वेग हवा तेवढा उतरला की पाय पूर्ण काढून घेत आणि मग बराच वेळ पेडलला शिवतच नसत. किती दाबायचे आणि केव्हा सोडायचे हे त्यांना शब्दांत सांगता येईना. त्यांनी दोनदा सांगण्याचा प्रयत्न केला, मग म्हणाले की माझ्या पायाकडे बघ. मुलगा तीन तास त्यांच्या पायाकडे बघत बसला होता.

पाय, कान, नाक आणि सीटवर टेकलेली पाठ यांतून जी माहिती मिळते तिला या अभ्यासक्रमात जागाच नाही, आणि मोबाइलवर ती कधी मिळेल असेही मला वाटत नाही. इथे मला न्यायाने हेही म्हटले पाहिजे की हा दोष केवळ ऑनलाइन शिक्षणाचा नाही. गावोगावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्येही शिकवणी खाली गाडीवर होते, आरटीओच्या मैदानावरची परीक्षाही खाली गाडीवर, आणि खाली गाडी व भरलेली गाडी ही जवळपास दोन वेगळी वाहने आहेत. फरक एवढाच की तिथे निदान क्लच खरा असतो.

आमची स्वतःची एक चूकही या निमित्ताने उघडी पडली. अनेक वर्षे आमच्याकडे डिझेलची सरासरी चांगली देणाऱ्या ड्रायव्हरला महिन्याला बक्षीस मिळत असे. बक्षीस आबांनी चांगल्या हेतूने सुरू केले होते, पण उतारावर इंजिन मोकळे सोडण्याला आम्हीच पैसे देत होतो असा त्याचा अर्थ होतो, हे मला घाटाचा धडा पाहताना लक्षात आले. आम्ही ती पद्धत बंद केली. अभ्यासक्रमात मालकासाठी एकही धडा नाही. सगळ्या सूचना ड्रायव्हरला आहेत. ‘दररोज सात ते आठ तास झोप घ्या’ असे त्याला सांगितले जाते, पण माल पोहोचवण्याची वेळ तो ठरवत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. कामाच्या तासांचा कायदा माल भरणाऱ्याला आणि गाडीमालकाला समजावून सांगणारा धडा कोणी केला तर तो मी पूर्ण किमतीत घेईन.

एका गोष्टीविषयी मात्र मी कंपनीला ताबडतोब लिहिले. अॅप रोज धडा पाहण्याची सलग नोंद ठेवते आणि एक दिवस चुकला की ती नोंद शून्यावर येते. संध्याकाळी सात वाजल्यापासून आठवण करून देणारे संदेश सुरू होतात. आमच्या एका ड्रायव्हरने सलग चाळीस दिवसांची नोंद मोडू नये म्हणून गाडी चालू असताना मोबाइल समोर अडकवून धडा लावला होता. गाडी चालू असताना मोबाइल वापरू नये, हाच त्या दिवशीच्या धड्याचा विषय होता. मोबाइलला गाडीचा वेग कळतो. चालत्या गाडीत धडा बंद ठेवणे अवघड नसावे. ओळख पटवण्यासाठीचे छायाचित्रही धड्याच्या सुरुवातीला एकदाच घेतले जाते, त्यानंतर पडद्यासमोर कोण आहे हे कोणी पाहत नाही.

प्रमाणपत्राविषयी घेणाऱ्याने विशेष सावध राहावे. विक्री प्रतिनिधीने मला फोनवर सांगितले होते की हे ‘आरटीओत चालते’. ते चालत नाही. परिवहन वाहन चालवण्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिकाऊ लायसन्सपूर्वी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष असावे लागते. मोबाइलवरच्या प्रमाणपत्राने यातली एकही पायरी कमी होत नाही. १ जुलै २०२१ पासून केंद्र सरकारने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू केली आहे. त्या केंद्रात मध्यम आणि अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, सिम्युलेटर (गाडी चालवण्याचा आभास देणारे यंत्र) आणि चाचणीचा ट्रॅक असावा लागतो, आणि तिथे उत्तीर्ण झालेल्याला लायसन्ससाठी आरटीओची गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द वजनदार आहे तो यामुळे, आणि जाहिरातीत तो वाचताना मान्यता कोणाची हे विचारलेच पाहिजे. इथेनॉलसारखा पेट घेणारा माल वाहणाऱ्याचे तर वेगळेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नववा नियम त्याच्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण सांगतो. या अॅपवर धोकादायक मालाचा विभाग चाळीस मिनिटांचा आहे. माहिती म्हणून तो ठीक आहे, पण तो पाहून आपली कायदेशीर गरज भागली असे कोणी समजू नये.

परदेशात ही रेषा कुठे ओढली आहे हेही मी पाहिले, कारण प्रतिनिधी वारंवार अमेरिकेचे नाव घेत होता. तिथे ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या व्यावसायिक चालकांसाठी प्रशिक्षण सक्तीचे झाले. पुस्तकी भाग ऑनलाइन करता येतो आणि त्यात ८० टक्के गुण लागतात, पण गाडीवरचा भाग खऱ्या गाडीवर प्रशिक्षकासमोरच करावा लागतो, सिम्युलेटरवर केलेले त्यात धरले जात नाही. मात्र गाडीवरचे किमान तास तिथे ठरवून दिलेले नाहीत, आणि ती मला त्या नियमाची उणीव वाटते. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एप्रिल २०१८ मध्ये हॉकी संघाची बस आणि ट्रक यांच्या अपघातात १६ जण मृत्यू पावले, त्यानंतर मार्च २०१९ पासून तिथे किमान १२१.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. म्हणजे अमेरिकेचा दाखला द्यायचा तर तो अर्धाच देऊन चालणार नाही.

आमच्या त्या मुलाने अभ्यासक्रम सर्वांत आधी, अवघ्या तीन आठवड्यांत संपवला आणि त्याला ४८ गुण मिळाले. पहिल्या रविवारी कारखान्याच्या रिकाम्या यार्डात त्याला खाली गाडी धक्क्याला रिव्हर्स लावायला सांगितली, तेव्हा डावीकडचा आरसा पाहताना उजवी बाजू त्याच्या लक्षातून गेली आणि मागचा फाळका खांबाला घासला. तो खूप ओशाळला. मला त्याच्यात काही उणे वाटले नाही, कारण त्याला जे शिकवलेच गेले नव्हते ते त्याला आले नाही. अडचण अशी की ४८ गुणांचे ते प्रमाणपत्र पाहून एखाद्या घाईतल्या मालकाने त्याच्या हाती भरलेली गाडी दिली असती. प्रमाणपत्रावर ‘पुस्तकी भाग पूर्ण’ असे लिहिले असते तर माझी तक्रार निम्मी झाली असती. मी कंपनीला तसे सुचवले. उत्तर आले की असे लिहिल्यास ग्राहक कमी होतील.

मी या सेवेला पाचपैकी तीन तारे दिले आहेत. दोन तारे वजा केले आहेत ते चालत्या गाडीत धडा चालू राहतो याबद्दल एक आणि प्रमाणपत्रावरच्या शब्दांबद्दल एक. पुढच्या खेपेला कंपनी निवडक विभाग वेगळे विकत असेल तर बीएस-६, टँकर आणि कायदा हे तीन विभाग मी सर्वांसाठी पुन्हा घेणार आहे. लायसन्स पक्के होईपर्यंत भरलेली गाडी त्या मुलाच्या हाती द्यायची नाही असे आम्ही ठरवले आहे. तोवर तो मामांच्या शेजारी बसून जातो आणि रविवारी यार्डात एल लावलेल्या खाली गाडीवर हात बसवतो. शिकवण्याबद्दल मामांना फेरीमागे ३०० रुपये वेगळे मिळतात. सुरुवातीला ते घ्यायला तयार नव्हते. आता ट्रिपशीटवर टोल आणि डिझेलच्या खाली ‘शिकवणी’ अशी एक ओळ मी छापून घेतली आहे, आणि तिच्यापुढे ते स्वतः सही करतात.